शनिवारच्या सह्या

ती गोष्ट डोक्यातून अजून जात नाही. आठवली की पहिला राग येतो, मग बाकीचं आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून काढलेली प्रेतं पाहिली. त्यांचा राग कधीच निवला. या सहा कागदांचा निवत नाही, आणि त्यातला थोडा माझा माझ्यावरच आहे. म्हणून लिहायला बसलो. नावं कुणाची देणार नाही. गावातले ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

मी सातवी पास होऊन भरती झालो. शिपाई म्हणून लागलो आणि श्रेणी फौजदार म्हणून निवृत्त झालो, तेही कुणाच्या चिठ्ठीवर नाही. शेवटची दोन वर्षं पेणला होतो. निवृत्तीला आठ महिने राहिले असताना एक दिवस सकाळी पोस्टमन ठाण्यात आला. पत्रं टाकायला नव्हे, मला भेटायला. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ उभा राहून हळू आवाजात म्हणाला,

"दादा, जिते स्टेशनाकडच्या त्या म्हातारीनं भाडेकरू ठेवले का हो?"

"कुठली म्हातारी?"

"ती, पोरं परदेशी गेलेली. नातू येऊन राहिलाय बघा."

"मग?"

"मग तिच्या पत्त्यावर सहा माणसांची पत्रं आली महिन्याभरात. एकाचंही नाव मला धड वाचता येत नाय. घरात माणसं दोन. सहा जण झोपतात कुठं, माळ्यावर?"

पोस्टमनला मी कधीच हलकं घेतलं नाही. गावात कोण राहतं हे तलाठ्याआधी त्याला कळतं. पत्रं एका मोबाइलवरच्या खेळाच्या कंपनीची होती. 'तुमच्या खात्याचा देश बदलून भारत केला आहे' एवढंच त्यात होतं. मला काही उमजेना. आमच्या एका तरुण शिपायाने समजावून सांगितलं. हे खेळ जगभर खेळतात, आणि आपल्याकडे तेच खेळ स्वस्तात मिळतात. म्हणून बाहेरच्या देशातले लोक आपण भारतात राहतो असं दाखवतात. त्याला राहण्याचा पुरावा लागतो. वीजबिल, घरमालकाचं संमतीपत्र, असलं काहीतरी.

"म्हणजे खेळासाठी रहिवासी दाखला?" मी विचारलं.

"व्हय साहेब."

डोकं फिरलं. आमच्याकडे माणसं रेशनकार्डावर नाव चढवायला चपला झिजवतात, आणि इथे खेळण्यासाठी पेणचे रहिवासी तयार होत होते.

सायबर शाखेमार्फत कंपनीला पत्र गेलं. दोन आठवड्यांनी सहा फायली आल्या. सहाही फायलींत एकच वीजबिल, म्हातारीच्या नावाचं. आणि सहा संमतीपत्रं, 'सदर इसम माझ्या घरी भाड्याने राहतात', खाली म्हातारीची सही. निरीक्षकसाहेब वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी फायली पाहिल्या, नातवाची माहिती काढायला सांगितली. पोरगा अठ्ठावीसचा. आईबाप पंचवीस वर्षांमागे इस्रायलला गेले, हा तिथेच वाढला. दोन वर्षांपूर्वी आजी पडली, पायात सळई घातली, तेव्हा हा एकटा परत आला. पासपोर्ट तिकडचा, पण इथे राहायचं आणि नोकरी करायचं कार्ड रीतसर होतं. रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा, जित्याला गाडी पकडून.

साहेब म्हणाले, "झालं. परदेशी माणूस, मोबाइलवर खेळणारा, घरचं बिल हाताशी, आजीची सही हाताशी. उचला."

मी म्हणालो, "चौकशी करू आधी."

"चौकशी करा, पण गुन्हा त्याच्यावरच लागणार आहे. आणि गुन्हा लागला की त्याचं कार्डही जाणार. दिल्लीहून आदेश येईल, विमानात बसेल."

हे लक्षात ठेवा. त्या पोराचं कार्ड गेलं असतं तर त्या घरात सळई घातलेल्या पायाची एकटी बाई उरली असती. त्यांच्या समाजाची बाकी माणसं गावातल्या घरांना कुलपं लावून कधीच गेली. तिला तिकडे न्यायला पोराचे आईबाप तयार होते, ती तयार नव्हती.

शुक्रवारी दुपारी पोराला बोलावलं. शिफ्ट सोडून आला. मी त्याला बाकावर बसवला आणि सरळ विचारलं, "ही सहा माणसं कोण?"

"काका, मला माहीत नाही. माझाच अर्ज त्यांनी नाकारला."

"तुझा कसला अर्ज?"

मराठी त्याचं चांगलं, फक्त वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा. म्हणाला, खातं तिकडे असताना उघडलेलं, त्यामुळे इथलं बँकेचं कार्ड त्यावर चालत नाही. बहीण तिकडे आहे, दोघं रोज अर्धा तास त्या खेळात भेटतात, त्यातच बोलतात. देश बदलायला पुरावा मागितला, म्हणून रोह्यात स्टेशनच्या वाटेवर दाखले करून देणाऱ्याचं दुकान आहे, तिथे आजीचं बिल आणि तिने सही केलेलं पत्र दिलं. कंपनीने उत्तर पाठवलं की हा कागद आधीच दुसऱ्यांनी वापरला आहे, तुमचा पुरावा मान्य नाही.

"काका, मी राहतो तिथे. विहिरीवरचा पंपसुद्धा मीच सुरू करतो. तुम्ही सांगा, अजून काय देऊ?"

मला ती गोष्ट पटली नाही. रचलेली वाटली. खोटं बोलणारा माणूस नेहमी कुठल्या तरी दुकानदाराकडे बोट दाखवतो, असं माझं तीस वर्षांचं मत. तेच तेच फिरवून विचारत राहिलो. पाच वाजता तो घड्याळाकडे बघायला लागला.

"काका, अंधार पडायच्या आत घरी जाऊ द्या. सकाळी परत येतो. आजी दिवा लावून वाट बघेल."

"तपास दिव्यावर चालत नाही," मी म्हणालो. साडेआठला सोडला. स्टेशन डायरीला तशी नोंद आहे, मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हातारीकडे गेलो. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावत नाहीत, तिच्या घरी जावं लागतं. बरोबर आमची एक महिला शिपाई. म्हातारी ओट्यावर खुर्चीत बसलेली, पाय पाटावर ठेवलेला. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. नातू आत होता, तो बाहेर आला नाही. मी नमस्कार केला, कागद दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले.

"सही माझ्यासारखी हाय. पण मी नाय केली."

"मावशी, मग या कोऱ्या कागदावर दहा सह्या करा. आम्ही ताडून बघतो. नमुना म्हणतात त्याला."

"आज नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय. उद्या ये."

आमची शिपाई माझ्या कानाशी म्हणाली, "साहेब, नमुना देत नाय म्हणजे सही हिचीच आहे."

मलाही तेच वाटलं. आजीने नातवासाठी सह्या केल्या आणि आता हात आखडता घेते. मी आवाज चढवला. एवढं वय झालं, पोलिसांना फिरवता काय, नातवाला वाचवताय काय, तोंडाला येईल ते बोललो. शेजारच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली. ती हलली नाही. माझं बोलणं संपू दिलं, मग विचारलं,

"तू कुठला रे, फौजदारा?"

मी गाव सांगितलं. गागोद्याच्या बाजूचं.

"म्हंजे तुमच्याकडं तेल आमच्याच घाण्यावरून जायचं. तुझ्या आईला शनिवारचं तेल कधी मिळालं का?"

आमची आई शुक्रवारी सकाळीच बरणी देऊन पाठवायची. शनिवारी तेल्यांचा घाणा बंद, त्यांच्यात चूल पेटत नाही, बैल जुंपत नाहीत, लेखणी हातात धरत नाहीत. हा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो. आमच्याकडे त्या ज्यू घरांना म्हणायचेच शनिवार तेली. घाणे गेले, माणसं गेली, आणि माझ्या डोक्यातूनही ते गेलं. काल त्या पोराला दिवेलागणीच्या आत घरी का जायचं होतं तेही मला त्या ओट्यावर उभं राहून कळलं.

"शब्बाथ हाय बाबा आज," म्हातारी म्हणाली. "उद्या शंभर सह्या देते. आज तू माझा हात धरून करवलीस तरी माझी नाय व्हायची ती सही."

मी संमतीपत्रं पुन्हा हातात घेतली. शिपाईला म्हटलं, मोबाइलमध्ये कॅलेंडर काढ, मी तारखा सांगतो, तू वार सांग. पहिली तारीख, शनिवार. दुसरी, शनिवार. सहाच्या सहा. तिचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. घरातला माणूस खोटी सही मारेल, पण या घरातला माणूस खोट्या सहीवर शनिवार टाकणार नाही. म्हातारीने स्वतः तर नाहीच.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हल्लीची पोरं कुठे पाळतात हे सगळं? न्यायालयात काय सांगणार, बैल बसून होते म्हणून?"

"न्यायालयाचं नंतर बघू," मी म्हणालो. "सोमवारी मला रोह्याला जाऊ द्या. रिकाम्या हाताने आलो तर पोरावर गुन्हा मी स्वतः लिहितो." निवृत्तीला आठ महिने असलेल्या माणसाला साहेबही फार अडवत नाहीत.

रविवारी म्हातारीने दहा सह्या दिल्या, घरी जाऊन घेतल्या. सोमवारी रोहा ठाण्याला कळवून त्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, केसांना तेल, बोलायला गोड. स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला. चहा मी घेतला नाही, म्हातारीची संमतीपत्रं त्याच्यापुढे ठेवली.

"या बाईला ओळखतोस?"

"ओळखतो ना साहेब. फार गोड म्हातारी."

"सह्या तुझ्यासमोर झाल्या?"

"माझ्यासमोरच. तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर."

"सहाही?"

"सहाही. नातू आणायचा मोटरसायकलवर. आता कुणाला किती भाडेकरू ठेवायचे ते आपण कोण विचारणार?"

"तारखा मागच्या-पुढच्या टाकतोस का?"

"छे साहेब. ज्या दिवशी सही त्याच दिवसाची तारीख. आपलं काम एकदम स्वच्छ."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग पेनला टोपण लावून सहज विचारलं, "शनिवारी गर्दी असते का रे दुकानात?"

"नाय साहेब. सरकारी ऑफिसं बंद, दाखल्याला कोण येतंय. शनिवारी निवांत. राहिलेली कामं तेवढी उरकतो."

"ही सहा उरकलीस तशी?"

तो टेबलावरचे कागद आवरायला लागला.

"ती बाई शनिवारी दिव्याचं बटण दाबत नाही. पायात सळई आहे. ती मोटरसायकलवर बसून सहा शनिवार तुझ्या स्टुलावर येऊन सही करून गेली?"

"मला काय माहीत ती तसली आहे म्हणून..."

तोंडातून निघून गेलं. पंच बोलावले, संगणक पंचनाम्याने ताब्यात घेतला. पोराने विश्वासाने दिलेल्या खऱ्या पत्रावरची सही त्यात कापून ठेवलेली सापडली. तीच सहा ठिकाणी चिकटवली होती. शिवाय आणखी लोकांची बिलं, जातीचे दाखले घ्यायला आलेल्या अडाणी बायांची, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची. त्यांची घरंही कुठल्या कुठल्या देशातल्या खेळणाऱ्यांनी भरलेली असणार. मी हात उचलला नाही. उचलला असता तर बरं वाटलं असतं.

गुन्हा दुकानदारावर लागला. फिर्यादी नातू झाला. कार्ड वाचलं, आजी एकटी राहिली नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली, ती शाबासकी मला नको होती.

पंधरा दिवसांनी पोरगा ठाण्यात आला. हसत होता, पण चिडल्यासारखा.

"काका, खातं बदललं."

"कसं? पुरावा मान्य झाला?"

"वीजबिल नाही म्हणाले. आजीचं नवीन पत्र नाही म्हणाले. ग्रामपंचायतीचा दाखला दिला, तो इंग्रजीत नाही म्हणून नाही. शेवटी कंटाळून तुमच्या फिर्यादीची प्रत पाठवली, तीही मराठीतच. त्यात फिर्यादी राहणार अमुक गाव, तालुका पेण, असं आहे ना. दोन दिवसांत मान्य."

मी त्या पोराला बाकावर बसवून दुपारपासून साडेआठपर्यंत तेच विचारलं होतं. तो राहतो हे पोस्टमनला माहीत, शेजाऱ्यांना माहीत, जित्याच्या स्टेशनवर वडे विकणाऱ्याला माहीत. कधी पेण न पाहिलेल्या सहा जणांचा पुरावा कंपनीने डोळे मिटून घेतला, आणि खरोखर राहणाऱ्याला गुन्ह्याच्या कागदावर नाव यावं लागलं. आणि त्या कंपनीला नावं ठेवायला मला तोंड नाही. मीही कागदच बघितला. म्हातारीची सही बघितली, म्हातारी बघितली नाही.

या केसने मला एवढंच शिकवलं. एखाद्या माणसाबद्दल कागद हातात आला की आधी तो कागद खिशात घालावा आणि त्याच्या गावात जाऊन चार घरी पाणी प्यावं. ज्या ओट्यावर आपण पाणी पितो तिथली बाई काय खाते, कधी बाहेर पडते, कुठल्या दिवशी कामाला हात लावत नाही, हे माहीत असलेला पोलीस तपास करतो. बाकीचे सह्या जुळवत बसतात. मी चौतीस वर्षं नोकरी करून ते आठ महिने उरले असताना शिकलो, आणि तेही माझ्या आईचं नाव काढल्यावर.

निवृत्त झालो त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. वार बघून गेलो, मंगळवार होता. म्हातारीने आत बोलावलं नाही. ओट्यावरच बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "शुक्रवारी माझा दिवा विझेस्तवर माझा नातू तुझ्याकडं होता. ते मी विसरणार नाय."

मी पाणी प्यालो. तिचं बरोबर होतं.