बद्द आवाज

डहाणूच्या खाडीवर कुणाच्या होडीला चीर गेली की लोक आधी जमुनाला बोलावतात. वय एक्केचाळीस, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, हातात छोटी हातोडी. होडीभोवती फिरत ती टकटक ठोकत जाते आणि एका जागी थांबून म्हणते, "इथं कापा." चीर भलतीकडे असली तरी. कापलं की आत ओलं लाकूड निघतंच. फायबरची होडी बाहेरून कशी गुळगुळीत दिसते. पण जिच्यावर इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीत लाकडी फळी असते. तिच्यात पाणी शिरलं की ती आतल्या आत सडते आणि ठोकल्यावर टणक वाजायच्या जागी बद्द वाजते. हा बद्द ओळखणारा कान जमुनाला तिच्या बापाने, धोंडूने दिला.

धोंडूने तो दोघांना दिला होता. जमुनाला आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या चुलतभावाला, धर्मेशला. दोघं त्याच्याच शेडमध्ये काचेच्या धाग्यांची मॅट कापायला आणि ती चिकटवणारं रेझीन कालवायला शिकली. धर्मेशचा हात साफ होता, जमुनाचा कान. धोंडू स्वतःच म्हणायचा, "हात शिकवता येतो, कान नाय शिकवता येत." पण सतरा वर्षांपूर्वी शारजाहून एक माणूस फायबरचा कारागीर शोधत त्यांच्या गावात, नरपडला, आला, तेव्हा धोंडूने नाव दिलं धर्मेशचं. जमुना तिथंच उभी होती, पाहुण्याला चहा देत. "आणि ही?" असं त्या माणसाने विचारलंसुद्धा. धोंडू हसला. "ती घरची आहे."

ती घरचीच राहिली. गावातल्याच देवजीशी लग्न झालं. तो बोटीवर मासेमारीला जायचा, ही शेड सांभाळायची. धर्मेश मात्र शारजाहून फिनलंडला गेला. तिथं एका तळ्याकाठी पेक्का नावाच्या साठीतल्या माणसाची शेड होती. जुन्या शर्यतीच्या बोटी आणायच्या, तळं गोठलेलं असताना हिवाळाभर त्या उघडून पुन्हा बांधायच्या आणि बर्फ वितळला की पळवायच्या, हा त्याचा उद्योग. धर्मेश त्याचा उजवा हात झाला.

धर्मेशची बायको रुपल वेवजी गावची. तिला नवऱ्याचं कौतुक करायला मासळी बाजाराएवढी दुसरी जागा नव्हती. "जमुनाबेन, बघा तरी," म्हणत ती फोन पुढे करायची. फोनमध्ये काळ्याभोर पाण्यावरून एक लाल बोट सुसाट जायची, अर्धं अंग पाण्याबाहेर, मागे पांढरा फवारा. बायका तोंडात बोट घालायच्या. "धोंडूकाकाच्या हाताखालचा पोरगा, बघा कुठं पोचला!" जमुना म्हणायची, "छान आहे." मग शेडमध्ये येऊन तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची. एकदा मोजलं तर अकरा वेळा झाला होता. बोट वळताना जरा जास्त कलते असं तिला दिसलं, त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

हे आपल्याला शोभत नाही, हे तिला कळत होतं. धर्मेशने तिचं काही हिसकावून घेतलं नव्हतं. फोनवर "जमुनाबाय, जमुनाबाय" करायचा, आजही. राग धरावा असं तो काही करत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. "बाय, या वर्षाची बोट बघ." शेडमध्ये हीटर लावून ठेवलेली लांब, चिंचोळी बोट होती. जुनी, पण त्याने घासून पुसून नवी नवरी केलेली. बोलता बोलता त्याने खिशातून हातोडी काढली आणि लहानपणीच्या सवयीने मागच्या भिंतीवर ठोकत गेला. टक. टक. टक. मग डावीकडे, खालच्या कोपऱ्यात, बद्द.

जमुनाच्या हातातला ब्रश थांबला. धर्मेश मात्र ठोकत पुढे गेला.

"कसं वाजतंय?" त्याने हसत विचारलं. त्याला फक्त कौतुक हवं होतं.

एक शब्द पुरला असता. पण त्या क्षणी तिच्या मनात आलं, याला ऐकू येत नाही. सतरा वर्षं परदेशात, एवढी हत्यारं, एवढं नाव, आणि याला बद्द ऐकू येत नाही. तिला इतकं बरं वाटलं की ते बरं वाटणं सोडवेना.

"चांगलं वाजतंय," ती म्हणाली.

पुढचे दिवस तिने स्वतःची समजूत काढली. फोनवरचा आवाज, त्याचा काय भरवसा? तिकडे कारागीर कमी आहेत का? पण कामात लक्ष लागेना. एका होडीच्या रेझीनमध्ये ते आवळणारा हार्डनर जास्त पडला आणि अख्खा डबा हातातच तापून दगड झाला. असं तिच्याकडून वीस वर्षांत झालं नव्हतं. त्यातच रुपल सांगत आली, "मेच्या दुसऱ्या शनिवारी बोट पाण्यात. पेक्का चालवणार आणि आमचे हे बाजूला बसणार. ताशी सव्वाशे किलोमीटर म्हणे!"

जमुना तडक बापाकडे गेली. धोंडू आता ऐंशीला टेकला होता आणि पार बहिरा झाला होता. कान देणाऱ्या माणसाचेच कान गेले होते. ओट्यावर जाळं विणत बसला होता.

"बा, धर्मेशच्या बोटीची मागची भिंत सडलीय!" ती ओरडली.

"काय?"

"सडलीय! मला ऐकू आलं! मी सांगितलं नाही!"

शेजारची सुषमा सूप हातात घेऊन दाराबाहेर आली. पलीकडच्या अंगणातलं बोलणं थांबलं. धोंडूने जाळं खाली ठेवलं.

"का नाय सांगितलं?"

ते काही जमुनाला ओरडून सांगता येईना. म्हातारा बराच वेळ तिचा चेहरा वाचत होता. कशाकशाची आठवण त्याला झाली असेल, कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाला, "इंजिन मागून निखळलं तर बोट पुढं नाय जात, पोरी. खाली जाते. आणि तिकडचं पाणी थंड असेल."

तिने तिथंच, सगळ्यांच्या देखत फोन लावला.

"धर्मेश, डाव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात भोक पाड."

"काय झालं, बाय? बोट तयार आहे. वरचा रंगही झाला."

"रंग गेला खड्ड्यात. ड्रिल घे."

"मी स्वतः ठोकून घेतलीय जानेवारीत. इंचन् इंच." मग त्याचा आवाज बदलला. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही ना? रुपल म्हणते, मीच ऐकत नाही."

"नाही बघवत," जमुना म्हणाली. "तरी भोक पाड."

फोन त्याने कुठेतरी टेकवून ठेवला. ड्रिलचा आवाज आला, मग थांबला. तिने पडद्यावर पाहिलं, तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी वाहत होतं आणि धर्मेश बोटांवर लाकडाचा काळा चोथा घेऊन उभा होता.

"हे तुला आज कळलं?" त्याने विचारलं.

ती हो म्हणू शकली असती.

"नाही. त्याच दिवशी कळलं होतं."

त्याने फोन बंद केला. त्यानंतर सहा महिने त्याचा फोन आला नाही. बोट त्या उन्हाळ्यात उतरलीच नाही. दुसऱ्यांच्या बोटींच्या कामात तिकडचा छोटा उन्हाळा निघून गेला आणि तिची मागची भिंत उघडीच राहिली. रुपल बाजारात जमुनाला पाहिलं की रस्ता बदलायची.

नोव्हेंबरात धर्मेश सुट्टीवर आला. आठ दिवस शेडकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी सकाळी येऊन उभा राहिला, काही न बोलता मॅटचा तुकडा उचलला आणि जमुना ज्या होडीला ठिगळ लावत होती तिच्या दुसऱ्या बाजूने काम करू लागला. दुपारपर्यंत दोघांत "रोलर दे", "धर" एवढंच बोलणं.

मग तो म्हणाला, "पेक्काला मी सगळं सांगितलं. तू फोनवर नुसतं ऐकून ओळखलंस, हेही. तो ऐकतच नाही आता. म्हणतो, त्या बाईला घेऊन ये, भिंत तीच बांधेल. तीन महिन्यांसाठी."

"हे कधी म्हणाला?"

"जूनमध्ये."

"आणि तू आज सांगतोयस?"

धर्मेश रोलर फिरवत राहिला. "माझं चांगलं झालेलं बघून तुला कसं वाटत होतं ते मला जूनपासून कळतंय," तो म्हणाला. जमुनाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "सांग त्याला, येते म्हणून."

पासपोर्टपासून सुरुवात होती. गावात कुणी म्हणालं, या वयात? देवजी म्हणाला, "मी महिना महिना समुद्रात असतो तेव्हा तू विचारतेस का? जा." फेब्रुवारीच्या शेवटी ती निघाली.

तिकडे पोचल्यावर पहिली गोष्ट तिला दिसली ती म्हणजे तळ्यावरून जाणारी मोटारगाडी. पाणी इतकं गोठलेलं होतं. दुसरी गोष्ट, धर्मेश तिथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलत होता आणि ती माणसं हसत होती. त्याने काय विनोद केला हे जमुनाला कळेना. नरपडमध्ये कमी झालेली आग विमानातून तिच्याबरोबरच आली होती. इथं तर ती रोज डोळ्यांसमोर होती. त्याची स्वतःची कपाटं, नाव लिहिलेली हत्यारं, गरम बूट. प्रत्येक गोष्ट बघताना तिच्या मनात एकच हिशोब चालायचा: ही माझी असती.

काम मात्र नीट चाललं. डहाणूच्या मे महिन्यात रेझीन आवळतं ते वीस मिनिटांत. इथं ते दुसऱ्या दिवशीही चिकट राहायचं. बोटीच्या मागच्या अंगाला प्लॅस्टिकचा तंबू करून आत गरम हवा सोडायची, रेझीनचे डबेसुद्धा आदल्या दिवशीच उबेत आणून ठेवायचे. हे सगळं तिला धर्मेशने शिकवलं. शिकवताना तो जरा खूश दिसायचा. तिला ते खुपायचं.

मार्चमध्ये पेक्काने बाहेर बर्फात उभी असलेली दुसरी एक जुनी बोट दाखवली. घ्यावी का नको? जमुनाने मोजे काढले आणि ठोकत गेली. सगळीकडे घंटेसारखा टणक आवाज. "ही चांगली आहे," ती म्हणाली. धर्मेशने ते पेक्काला सांगितलं आणि बोट आत घेतली.

तिसऱ्या दिवशी उबेतल्या त्या बोटीजवळून जाताना तिने सहज हातोडी मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. अर्धी भिंत गेलेली होती.

बोट बाहेर असताना भिंतीतलं पाणी गोठलेलं होतं. गोठलेलं पाणी चांगल्या लाकडासारखंच टणक वाजतं. मग तिला धर्मेशचं वाक्य आठवलं. त्याने गेल्या वर्षीची बोट ठोकून घेतली होती जानेवारीत, बाहेर थंडीत. तेव्हा तीही अशीच वाजली असणार. एकदा मनाने पास केलेली बोट एप्रिलमध्ये त्याने ऐकलीच नव्हती, नुसती वाजवून दाखवली होती. तो बहिरा नव्हता. थंडीने त्याला फसवलं होतं, जसं आता तिला.

वर्षभर ती एकाच गोष्टीवर जगली होती: त्याला ऐकू येत नाही, मला येतं. तेवढंच तिचं होतं, आणि आता तेही गेलं. ती बोट घ्यायची तिनेच ठरवली होती, आणि भिंत बद्द वाजते हे अजून दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ती गप्प राहिली. तो दिवस गेला, दुसराही गेला. जेवताना पेक्काने धर्मेशला काहीतरी चिडवलं आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून हसला. धर्मेश खाली मान घालून ब्रेड खात राहिला. भाषा येत नसूनही जमुनाला त्यातला शब्द न् शब्द कळला.

"याला सांग," ती चमचा ठेवून म्हणाली, "मी त्या नव्या घेतलेल्या बोटीचं चुकीचं सांगितलं. आतून सडलेली आहे. बर्फामुळे मला कळलं नाही. आणि गेल्या वर्षी तुलाही याच बर्फामुळे कळलं नव्हतं."

धर्मेशने ब्रेड खाली ठेवला.

"सांग की. मला यांची भाषा येते का?"

त्याने सांगितलं. पेक्का चिडवायचा थांबला. त्या दिवसापासून कुठलीही बोट तीन दिवस उबेत ठेवल्याशिवाय ठोकायची नाही, असा त्या शेडमध्ये नियम झाला.

मेच्या मध्यावर तळं मोकळं झालं. बोट पाण्यात उतरली, मागच्या भिंतीला जमुनाचं काम आणि बाकी सगळीकडे धर्मेशचं. पेक्काच्या शेजारी एकच जागा होती. त्याने जमुनाकडे बोट केलं. धर्मेशने तिला जाड सूट घालून दिला, हेल्मेटचा पट्टा आवळला, आणि मराठीत म्हणाला, "वळताना पाय घट्ट रोव. उडवून देते ही."

पहिल्या क्षणी तिला वाटलं छातीवर कुणी हात ठेवून मागे ढकलतंय. मग खालचं पाणी बोटीला लागेनासंच झालं, नुसते दगडावर चाक गेल्यासारखे धक्के. थंडीने नाकातलं पाणी गालावर पसरलं. ती घाबरली होती आणि मागच्या भिंतीकडे कान लावून बसली होती. इंजिनाच्या गर्जनेत काहीच ऐकू येणं शक्य नव्हतं, तरीही. वळणावर तिने पाय रोवले. काठ भर्रकन गेला आणि काठावर धर्मेश दिसला, हात खिशात घालून उभा. तो हसत होता, पण ते हसू कुठल्या जातीचं होतं हे जमुनाएवढं कुणाला कळणार?

बोट काठाला लागल्यावर ती उतरू लागली. धर्मेशने हात दिला.

"कशी आहे?"

"वळताना जास्त कलते, तुझ्या त्या लाल बोटीसारखीच," ती म्हणाली. "तिच्या व्हिडिओपासून सांगणार होते."

"मला माहितीय," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात तळ बदलतो. तू आलीस तर."

मेच्या शेवटी ती नरपडला परतली. रुपल आता पुन्हा बोलते, बाजारात फोनही दाखवते. त्यातल्या एका व्हिडिओत जमुनाचं हेल्मेट दिसतं. धर्मेशचे नवे व्हिडिओ आले की जमुनाला अजूनही टोचतं. फक्त आता ती ते एकदाच बघते, आणि बोटीत काही खटकलं तर लगेच फोन करते.