फिलेमोनपाशी अडलेले मामा

बायबल वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, बायबल पाठ असलेलीही पाहिली. पण बायबलमध्ये खोली भाड्याने घेतल्यासारखा राहायला जाणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा काळेवाडीत राहतात असं फक्त पोस्टमनला वाटायचं. आम्हा घरच्यांना ठाऊक होतं, की ते कधी लेवीयमध्ये राहतात, कधी उपदेशकात, आणि मामींचं नशीब जोरावर असेल तर जीभ आवरायला सांगणाऱ्या याकोबाच्या पत्रात. बायबल म्हणजे पुष्कळ पुस्तकांचा संच; त्यातलं एक हातात घेतलं की मामांचा मुक्काम तिथे. त्यात सांगितलेलं अंगी लागल्याशिवाय पुढच्या पुस्तकाचं पान उलटायचं नाही, हा त्यांचा नियम. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात गेलेली. मशीनवरून आलेला तुकडा मापाच्या गेजला लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल चिठ्ठी. निवृत्त झाल्यावर त्यांनी तुकड्याच्या जागी स्वतःला ठेवलं, एवढाच फरक. "मामा, रोमकरांस पत्र झालं का?" असं विचारलं की म्हणायचे, "वाचून झालं. जगून व्हायचंय."

त्यामुळे मामांकडे जाण्याआधी सध्या कोणतं पुस्तक चालू आहे याची चौकशी करून जाणं शहाणपणाचं असे. इमारतीच्या खाली ज्यांचं गॅरेज आहे ते चाचा तर रोज सकाळी स्कूटरखालून डोकं काढून विचारायचे, "मामू, आज कौनसी किताब?" उत्तर ऐकून ते दिवसभराचा बेत ठरवत. यरुशलेमची पडकी भिंत बांधणारा नहेम्या असेल तर चाचा सगळी अवजारं आत घेऊन शटर खाली ओढायचे, कारण मागच्या नहेम्यात मामांनी सोसायटीची पडकी कंपाउंड भिंत बांधायला काढली होती आणि चाचांचं घमेलं, फावडं आणि खुद्द चाचा त्या कामी लागले होते. उपदेशकात मामींनी केलेल्या मटणाच्या रश्श्याचा पहिला भुरका मारून मामा डोळे मिटून म्हणाले, "व्यर्थ. सगळं व्यर्थ." मामींनी ताट उचललं आणि म्हणाल्या, "मग उपाशी बसा. ह्यो रस्सा तरी कशाला व्यर्थ घालवू?" लेवीय म्हणजे मोशेच्या नियमांचं पुस्तक; त्यात तर ते आमच्याच घरी अवतरले. भिंतीला बुरशी आली तर घर कसं तपासावं याचा त्या पुस्तकात चांगला मोठा मजकूर आहे, आणि आमच्या न्हाणीघरालगतच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती. मामांनी आमचा संसार गॅलरीत काढला, खोली बंद केली, आठवड्याने येऊन डाग पसरला का ते पाहिलं आणि हातोडीने गिलावा पाडला. आत वरच्या मजल्याचा फुटका पाइप निघाला. दोन प्लंबरांना जे सापडलं नव्हतं ते मोशेच्या नियमशास्त्राला सापडलं, असं मामा पुढे प्रत्येक प्रार्थनासभेत साक्ष म्हणून सांगत आणि माझ्याकडे बोट दाखवत. जणू पाइप मीच फोडला होता. गीतरत्नाच्या, म्हणजे प्रेमगीतांच्या, दिवसांत मात्र मामींच्या डोक्यात रोज गजरा दिसे. "ह्ये पुस्तक लई बारकं हाय," मामी एकदा माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "जरा सावकाश वाचा म्हणावं."

माझी पद्धत अगदी उलट. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तरुण संघ माझ्याकडे, आणि मला घाई. मी मोबाइलवर प्रत्येक पुस्तकाचं एका ओळीचं सार काढून ठेवलं होतं आणि एका रविवारी सहासष्ट पुस्तकांची ओळख एकाच बैठकीत करून द्यायला उभा राहिलो. छोट्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांपर्यंत पोचता पोचता मागचे दोन बाक झोपले, पुढच्या बाकावरच्या बाया रविवारच्या मटणाच्या काळजीने चुळबुळायला लागल्या, आणि पाळकसाहेबांनी उभं राहून आशीर्वादच देऊन टाकला. बाहेर चपला घालताना मामा म्हणाले, "जावईबापू, तुमी समदं बायबल मोटरसायकलवरून दाखवलंत. गावं दिसली, माणसं न्हाई दिसली."

मला ते लागलं. म्हणून मीही त्यांचं एक दुखणं शोधून ठेवलं होतं. मामा तीताला पत्र संपवायचे आणि थेट इब्री लोकांस पत्र उघडायचे. या दोन्हींच्या मध्ये फिलेमोनला लिहिलेलं पत्र आहे, जेमतेम एका पानाचं. पौल तुरुंगातून आपल्या मित्राला लिहितो, की तुझ्या घरातून पळून गेलेला तुझा दास परत येतो आहे, त्याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घरात घे. बस, एवढंच. "मामा, फिलेमोन राहिलं," मी म्हणायचो. कधी पानं चिकटलेली असत, कधी चष्म्याचा नंबर वाढलेला असे, कधी "एवढंसं तर हाय, जाता येता हुईल" असं म्हणून ते विषय बदलत.

खरं कारण कुरुळीत राहत होतं. मामांचा धाकटा भाऊ. दोघांनी नगरकडून येऊन एका खोलीत दिवस काढले, एकाच कंपनीत वेगवेगळ्या शिफ्टा केल्या, एकच गादी आलटून पालटून वापरली. मग धाकट्यांनी उपासनेत ड्रमसेट आणला. पेटी आणि तबल्यावर वाढलेल्या मामांनी भरल्या मंडळीत त्याला लाल चिठ्ठी दिली. शब्दाला शब्द वाढला, आणि धाकटे ड्रमसेट आणि चार कुटुंबं घेऊन कुरुळीला गेले, तिथे टायरच्या दुकानावर त्यांनी वेगळी मंडळी सुरू केली. "गेला न्हाई, पळाला," मामा म्हणायचे. तेव्हापासून बोलणं बंद. आजारपणात नाही, नाताळात नाही, एका घरात लग्न झालं तरी दुसऱ्यात अक्षता नाहीत. याकोबाच्या पत्रात जीभ आवरणारे मामा या एका बाबतीत जीभ सोडायलाच तयार नव्हते.

मग मामांचं हृदय तपासणीत नापास झालं. बायपास ठरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला चिंचवडच्या इस्पितळात शास्त्रपाठ वाचून प्रार्थना करायला पाठवलं. स्तोत्रं सगळेच वाचतात, आपण काही वेगळं वाचावं, म्हणून मी यशयाच्या पुस्तकातली हिज्कीया राजाची गोष्ट निवडली. राजा आजारी पडतो, भिंतीकडे तोंड करून रडतो, देव त्याचं आयुष्य वाढवून देतो, शेवटी अंजिराचं पोटीस लावून तो बरा होतो. याहून योग्य काय असणार? मी घसा साफ केला, उभा राहिलो आणि सुरुवातीपासून वाचायला लागलो. सुरुवातीला संदेष्टा येऊन राजाला सांगतो, की घराची निरवानिरव कर, कारण तू यातून उठणार नाहीस. एवढं मी खणखणीत आवाजात वाचलं, आणि दारातून गार्ड म्हणाला, "चला काका, टाइम संपला." मी म्हटलं, अहो, चांगलं पुढे आहे! तो म्हणाला, "चांगलं उद्या." त्याने मला दंडाला धरून लिफ्टमध्ये घातलं. वॉर्डातले बाकीचे रुग्ण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तशा नजरेने यमाकडेही कुणी बघत नसेल.

घरी पोचलो तर बायकोने दारातच फैलावर घेतलं. मी मामींना फोन लावला. मामी म्हणाल्या, "काय वाचून गेलात ओ तुमी? त्ये म्हणत्यात, धाकट्याला बोलाव."

धाकटे मामा कंपनीच्या कपड्यांतच कुरुळीहून आले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड लपवत पोचलो तेव्हा ते खाटेशी उभे होते. खांद्यावरची पिशवी अजून उतरली नव्हती.

"दादा, मरायला लागलास म्हणं?"

"जावई म्हणाला."

"त्याचं काय ऐकतोस? त्यानं अर्धंच वाचलं. राजा उठतोय पुढं." धाकट्यांनी खांद्यावरची पिशवी खाटेवर ठेवली. आत सासवडकडची ताजी अंजिरं. "अंजीर लावल्यावर उठतोय. म्हणून आणली."

मामांनी एक अंजीर हातात घेऊन, सवयीने, फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "ड्रम वाजवतोस का अजून?"

"व्हय."

"लई मोठ्यानं?"

"व्हय."

"बरं," मामा म्हणाले आणि त्यांनी भावाचा हात धरला. स्ट्रेचर आत नेईपर्यंत तो सोडला नाही.

मामा बरे झाले. घरी आल्यावर मी न राहवून विचारलं, "मामा, यशया तुम्ही किती वेळा जगलात! पुढे राजा बरा होतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मामा हसले. "मला हुतं की ठाऊक. त्या राजाला कुठं हुतं? त्यानं तेवढ्यावरच करायचं ते केलं." आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, म्हणाले, "फिलेमोन वाचून व्हायचंय अजून. जगून झालं."

राजासारखी मामांनाही थोडी वर्षं वाढवून मिळाली. त्या वर्षांत एका रविवारी पेटी कुरुळीला जायची, एका रविवारी ड्रम काळेवाडीला यायचा आणि चाचा गॅरेजमध्ये कानांत कापूस घालून बसायचे. आता मामा नाहीत. मी अजूनही रुग्णाकडे प्रार्थनेला जातो, पण आधी गार्डला वेळ विचारतो, आणि वाचायला घेतलेलं पूर्ण वाचल्याशिवाय हलत नाही.

मामांच्या मातीच्या वेळी शास्त्रपाठ कोणता घ्यायचा, असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा धाकटे मामा म्हणाले, फिलेमोन. मातीला असला पाठ कुणी घेत नाही. दोन्ही मंडळ्यांच्या माणसांनी बायबलं उघडली, आणि एवढंसं पत्र कुणालाच चटकन सापडेना. सगळीकडून पातळ पानांची सळसळ येत राहिली. मीही शोधत होतो. ज्याच्यावरून इतकी वर्षं मामांना चिडवलं ते मलाच मिळत नव्हतं.

"सावकाश बघा," धाकटे मामा म्हणाले. "दादालाबी उशिराच गावलं. हाय तिथंच."