चमचाभर विरजण

नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमधले समोरचे गृहस्थ एक दिवसाआड माझी बेल वाजवतात. हातात स्टीलची वाटी असते. "वैनी, जरा विरजण हाय काय?"

मला हसू यायचं. हा माणूस तळोज्याच्या एका कारखान्यात दिवसभर बॅक्टेरियाच वाढवतो. भाताच्या कोंड्यावर ते पोसायचे आणि त्यांनी सोडलेलं एन्झाईम गाळून घ्यायचं. ते कपड्यांच्या पावडरीत जातं. तिथं बॅक्टेरियांचं बियाणं जपणारा माणूस, आणि घरी याला चमचाभर विरजण राखता येत नाही!

बॅक्टेरियांबद्दल ते घरच्या माणसांसारखं बोलतात. "कोंडा जुना झाला का रुसतात. आज बरे जेवले." शर्टाला आंबूस वास असतो. आत या म्हटलं की "नाय, निघतो" म्हणतात आणि दारातच उभे राहतात.

परवा बोलता बोलता वाटी माझ्याकडेच विसरून गेले. विरजण घालून मी ती द्यायला गेले. फ्रिज उघडा टाकूनच ते दाराशी आले. आत वाट्याच वाट्या होत्या. प्रत्येकीत घट्ट दही, आणि एकीतही चमचा घातलेला नव्हता.

मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. "एकट्याला जात नाय, वैनी," एवढंच म्हणाले.

आज पुन्हा बेल वाजली.

"माझ्याकडचं दही संपलंय," मी खोटंच सांगितलं. "तुमच्याकडचं आणता का? माझंही जेवण व्हायचंय."

ते लगेच वळले. परत आले ते परात घेऊन. सगळ्या वाट्या तीत होत्या.