खिडकीच्या बाहेरचा रविवार

आरक्षण कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या गृहस्थांना स्टेशनवरचे हमाल, चहावाला आणि झाडूवाली बाई ‘नाहीकर’ म्हणत. त्यांचं खरं आडनाव निराळं होतं. पण कोणी अर्ज आत सरकवला, की ते एकदा संगणकाच्या पडद्याकडे बघत, ‘नाही’ म्हणत आणि अर्ज परत सरकवत, त्यावरून हे नाव पडलं होतं. नाहीकरांच्या ते कानावर होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. जागा नसेल तर माणूस दुसरं काय म्हणणार, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

माणूस वाईट नव्हता. कामात चोख, वेळेवर येणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहिल्यांदा खिडकीवर बसवताना एका वरिष्ठाने त्यांना एक नियम शिकवला होता, तो त्यांनी जन्मभर पाळला. अर्जावर जे लिहिलंय तेवढंच बघायचं. इथून तिथपर्यंत, अमुक गाडी, अमुक तारीख. आहे किंवा नाही. एकाला जास्त सांगत बसलं, की मागची रांग अंगावर येते. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की घरी बायकोने “मीठ आहे का?” विचारलं तर “आहे” म्हणून ते पेपरात डोकं घालत. कुठे आहे, ते तिला वेगळं विचारावं लागे.

त्या आठवड्यात त्यांच्या अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच नाहीकरांना वाढवलं होतं. आता ती गाडीने एका रात्रीच्या अंतरावर एकटी राहत होती. तिचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलं होतं. याआधी एकदा ती हॉस्पिटलच्या दारातून घाबरून परत आली होती. आता आणखी थांबलात तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अक्का फोनवर म्हणाली, “तू आलास तर आत जाईन. नाहीतर आहे तेवढ्या उजेडात भागवीन.” अक्का बोलल्याप्रमाणे करणारी होती, हीच पंचाईत होती.

नाहीकरांनी रविवार संध्याकाळच्या गाडीचा अर्ज भरला. गाडी भरलेली होती, तेव्हा त्यांनी स्वतःला वेटिंगचं तिकीट दिलं. कर्मचाऱ्यांच्या कोट्यात साहेबांच्या मेव्हण्याची आधीच वर्णी लागली होती. पूल दुरुस्तीला काढल्यामुळे बस बंद होती आणि कमरेच्या दुखण्यामुळे रात्रभर उभ्याने जाणं त्यांना शक्य नव्हतं. वेटिंग पुढे सरकेल, या एका आशेवर ते राहिले.

रविवार उजाडला तरी वेटिंग जागचं हललं नव्हतं. नाहीकर खुर्चीत बसले, उठले, गॅलरीत गेले, परत आले. बॅग भरलेली होती, ती उघडून त्यांनी पुन्हा भरली. बालवाडीत शिकवणारी त्यांची बायको शेवटी म्हणाली, “अहो, माझी चार वर्षांची पोरंसुद्धा एका जागी जास्त वेळ बसतात.”

सूनबाई हळूच म्हणाल्या, की ॲपवर बघू का. झालं, नाहीकरांचा पारा चढला. गाड्या आमच्या, जागा आमच्या, तिकीटही शेवटी आमच्याच यंत्रातून निघतं आणि हे मधले लोक वर आपला हिस्सा लावून तेच विकतात. पडद्यावर जे मला दिसतं तेच त्यांना दिसतं, मग ते जागा काय घरी तयार करतात की काय? सूनबाईंनी फोन बाजूला ठेवला. ही फैर त्यांनी पूर्वीही झेलली होती.

दुपार व्हायच्या आत नाहीकर बॅग घेऊन स्टेशनवर हजर झाले. आपल्याच कार्यालयात, आपल्याच खिडकीसमोर ते रांगेत उभे राहिले. कोणी तिकीट रद्द केलं असलं तर, एवढाच विचार डोक्यात होता. आत नवीन भरती झालेली मुलगी बसली होती. तिने अर्ज बघितला, पडदा बघितला आणि मान वर न करता म्हणाली, “नाही. पुढचे.”

मग तिचं लक्ष गेलं आणि ती ओशाळली. “सर, तुम्ही होय? पण खरंच नाहीये हो.” नाहीकरांनी मान डोलावली. त्यांनीच तिला काम शिकवलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

प्रतीक्षागृहात ते एका बाकावर टेकले आणि लगेच उठले. फेऱ्या मारू लागले. समोरच्या बाकावर एक मध्यमवयीन बाई पायाशी मोठी खोकी ठेवून बसली होती. ती गावोगावी जाऊन शिवणयंत्रं चालवून दाखवायची आणि विकायची. नाहीकरांच्या फेऱ्यांनी तिला भोवळ यायची वेळ आली असावी.

“काका, बसा ना जरा,” ती म्हणाली, मग निरखून बघत, “तुम्ही तीन नंबरचे ना? पूर्वी मी तुमच्याकडूनच तिकिटं काढायचे.”

“आता कुठून काढता?”

तिने हातातला फोन दाखवला. एरवी नाहीकरांनी तोंड फिरवलं असतं, पण आज मनाला कुठेतरी गुंतवणं भाग होतं. त्यांनी विचारलं, की त्यात असं काय आहे. बाईने भराभर सांगितलं. गाडी कुठवर आली ते कळतं, आपला डबा फलाटावर कुठे लागेल ते कळतं, म्हणजे ही खोकी घेऊन धावावं लागत नाही. तिकीट रद्द केलं तर पैशांसाठी खेटे घालावे लागत नाहीत. आणि रात्री-अपरात्री दहा वेळा तेच विचारलं, तरी कोणी डोळे वटारत नाही.

“पण जागा नसली तर तेही नाहीच म्हणणार,” नाहीकर म्हणाले.

“राग मानू नका काका. तुमच्याकडे ‘नाही’ झालं की बोलणं संपतं. यात तिथून पुढे सुरू होतं. तुम्हाला जायचंय कुठे?”

त्यांनी सांगितलं. तिने बोटं फिरवली आणि फोन त्यांच्यासमोर धरला. त्याच गाडीत मधल्या जंक्शनपर्यंत एका डब्यात जागा होती. जंक्शनपासून पुढे दुसऱ्या डब्यात एक जागा होती. जंक्शनला उतरून डबा बदलला, की काम झालं.

नाहीकर मटकन बाकावर बसले. यात त्यांना नवीन काही नव्हतं. प्रवास तोडून दोन तिकिटं काढता येतात, हे खिडकीवरचा कच्चा माणूसही जाणतो. त्यांनी कुणाला ते आपणहून सांगितलं नव्हतं, कारण अर्जात तसं कोणी लिहीत नसे. पण या वेळी अर्ज लिहिणारे तेच होते आणि बघणारेही तेच. इथून तिथपर्यंत, असं लिहिलं, इथून तिथपर्यंत बघितलं, आणि स्वतःला ‘नाही’ म्हणून मोकळे झाले. अक्काचा डोळा पणाला लागला असतानाही हात अर्जापलीकडे गेला नव्हता.

ते धावत कार्यालयाकडे गेले. रविवारची अर्ध्या दिवसाची वेळ संपली होती. खिडकीवर फळी पडली होती आणि मुलगी घरी गेली होती.

त्यांनी सूनबाईंना फोन लावला. “ते तुझं ॲप उघड,” ते म्हणाले. सूनबाईंनी एकही शब्द न विचारता उघडलं, हे त्यांचे उपकारच. पहिला तुकडा लगेच मिळाला. दुसऱ्यासाठी पैसे भरताना चक्र फिरत राहिलं. नाहीकर फलाटावर फोन कानाला लावून गोल गोल फिरू लागले.

“झालं का?”

“फिरतंय बाबा.”

“एकच जागा होती तिथे. गेली असेल.”

“बाबा, तुम्ही बोलू नका, मला नीट बघू द्या.”

मग पलीकडून बायकोचा आवाज आला, की झालं एकदाचं, आता तरी एका जागी बसा. पण ते गाडीतही बसले नाहीत. जंक्शन यायच्या कितीतरी आधीपासून बॅग खांद्याला लावून ते दारात उभे होते. गाडी थांबताच उतरले आणि कमरेवर हात दाबत फलाटावरून जमेल तसे पळाले. नव्या डब्यात त्यांच्या जागेवर एक जाडजूड गृहस्थ झोपला होता. त्याला हलवून तिकीट दाखवलं, तेव्हा तो कुरकुरत उठला. पडल्यावरही त्यांना झोप लागली नाही. गाडी जरा मंदावली, की ते उठून बसत.

सकाळी ते हॉस्पिटलात पोचले, तेव्हा अक्का पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसली होती, आणि दारातली नर्स घायकुतीला आली होती. अक्काने त्यांचा हात चाचपून धरला. जागा कशी मिळाली, ते सांगायला नाहीकरांनी तोंड उघडलं, पण तिला त्यात रस नव्हता.

“परतीची गाडी कधीची आहे?” तिने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. नाहीकर कधीही तिच्याकडे आले, तर परतीचं तिकीट खिशात घालूनच येत. तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा ठरलेल्या गाडीने ते परतले होते. तिने तेव्हा शब्दही काढला नव्हता. आता नाहीकरांनी खिसा चाचपला आणि कालच्या गोंधळात परतीचं नावही आपण काढलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

“काढलंच नाही,” ते म्हणाले.

अक्काने मान वर केली. “म्हणजे पट्टी सुटेपर्यंत आहेस?”

“आहे. पुढेही आहे. तू घरी सावरलीस की मग बघू.”

अक्काने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, पदर नीट केला आणि नर्सला म्हणाली, “चला बाई, केव्हाची खोळंबलेय मी. उशीर कशाला करताय उगाच?”