आमच्या साडूंचं एकमेव गिऱ्हाईक

परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंनी ज्याला आपलं काम समजावून सांगितलं नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. पुण्यातली नोकरी सोडून ते जिंतूरला परत आले आणि माडीवर एकटेच बसून सॉफ्टवेअर बनवू लागले. बनवण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त काय बनवलं ते सांगण्यात जातो. लग्नाच्या पंगतीत वाढपी वांग्याची भाजी घेऊन उभा राहिला, की साडू पानाआधी खिशाकडे हात नेतात. "मी स्वतंत्र सॉफ्टवेअर डेव्हलपर," अशी सुरुवात होते आणि वाढप्याचा हात भरून येईपर्यंत फोन दाखवणं चालतं. न्हाव्यानं गालाला साबण फासला तरी ते थांबत नाहीत. एका दहाव्याला त्यांनी गुरुजींना आपलं पंचांगाचं ॲप दाखवलं. कावळ्यासाठी खोळंबलेल्या मंडळींचा वेळ त्यामुळे बरा गेला, असं त्यांचं आजही मत आहे. इतकं ऐकूनही लोकांना एवढंच कळतं, की हा माणूस मशिनीतला आहे. मग कुणी मिक्सर आणून देतं, कुणी टीव्हीचा रिमोट. साडू नाही म्हणत नाहीत. रिमोट उघडता उघडता पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

एकदा त्यांनी एसटीत झोपणाऱ्यांसाठी ॲप केलं. गाव जवळ आलं, की फोननं हाक मारून उठवायचं. आवाज साडूंचाच, म्हणजे खणखणीत. चाचणीसाठी ते मला घेऊन पालमच्या गाडीत बसले. पालम बरंच लांब असताना फोन गरजला, "उठा, पालम आलं, उतरा." पेंगत असलेल्या कंडक्टरनं घंटी दिली, गाडी थांबली आणि एक म्हातारा-म्हातारी गाठोडं घेऊन भर रानात उतरली. साडूंच्या ध्यानात येताच त्यांनी पुढं गाडी थांबवून मलाही उतरवलं. मागं चालत जाऊन त्यांचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि ॲपमध्ये कुठं चुकलं असेल, हे त्या दोघांना पालमपर्यंत समजावलं. वेशीत म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, चालल्याचं काय न्हाई, पण ह्यांना जरा गप करा."

पालम ही आमची दोघांची सासुरवाडी. सासरे निवृत्त मास्तर. आम्ही त्यांना मामा म्हणतो. धाकटे जावई काय करतात, असं कुणी विचारलं की मामा पाऊसपाण्यावर बोलू लागायचे. मागं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण वाचा गेली. जन्मभर वर्गात बोललेला माणूस पंख्याकडे बोट दाखवायचा आणि सासूबाई पाणी आणायच्या. एकदा त्यांनी तो पेला भिंतीवर भिरकावला आणि तोंड फिरवून घेतलं. साडू तिथंच होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते कुणाशीच आपल्या कामाविषयी बोलले नाहीत. मेहुणी घाबरली, मला फोन करून म्हणाली, भाऊजी, ह्यांना दवाखान्यात न्यावं का?

मग साडू एक टॅब्लेट घेऊन पालमला आले. पडद्यावर मोठमोठी चित्रं. पेल्यावर बोट ठेवलं की "पाणी द्या" असं ऐकू यायचं. मामांनी बोट ठेवलं, आवाज ऐकला आणि टॅब्लेट दूर सारला. आपल्या तोंडचं बोलणं जावयाच्या आवाजात निघावं, हे कुणाला सोसेल?

मामांचा जुना आवाज कुणाच्याच फोनमध्ये सापडला नाही. पण शेतावर राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाचा, काकांचा, आवाज हुबेहूब तसाच होता. फोनवर सासूबाईसुद्धा फसायच्या. साडू शेतावर गेले. काकांना म्हणाले, "पाणी द्या" म्हणा. काका म्हणाले, "मला तहान न्हाई. खोटं कशाला बोलू?" पुष्कळ विनवण्या झाल्या, पण काका बधेनात. शेवटी साडू फोन घेऊन त्यांच्या मागं मागं रानात हिंडू लागले. तहान लागली तेव्हा पाणी मिळालं. "लय दुखायलंय" हे बाभळीचा काटा मोडला तेव्हा मिळालं. चहाची वेळ झाली तेव्हा काकांनी एका दमात सांगितलं, "चहा ठेवा, आन् वासराला सोडू नका." साडूंनी त्यातलं वासरू कापलं नाही.

मामांनी कपाच्या चित्रावर बोट ठेवलं, तेव्हा भावाचा आवाज ऐकून ते दचकले. वासरू आल्यावर मात्र त्यांचे खांदे हलू लागले. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईतो हसले आणि पुन्हा बोट ठेवलं.

पुढं मामांची वाचा हळूहळू परत आली. साडू मला म्हणाले, "एकच गिऱ्हाईक होतं, तेही बरं झालं." इतकं नुकसान इतक्या आनंदानं सांगणारा धंदेवाला मी दुसरा पाहिलेला नाही.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत काका गेले. टॅब्लेट आता लागत नाही म्हणून साडू तो न्यायला आले, तर मामांनी त्यावर तळहात ठेवला. "राहू द्या," म्हणाले. साडू नुसते शेजारी बसून राहिले. हल्ली दुपारी चहाचा कप समोर असताना मामा कपाच्या चित्रावर बोट ठेवतात. सासूबाई आत जातात आणि पुन्हा आधण ठेवतात.