खुंटी सोडून घेतलेलं भोक

साल दोन हजार पंचवीस, अन् वसंता अठ्ठ्याहत्तरचा. राहू गावात आम्ही एकाच आळीत वाढलो. चौथीनंतर मी शाळा सोडली, तो शिकत गेला अन् खडकांचा साहेब झाला. शेवटचा भेटला तो दौंडच्या दवाखान्यात. नाकात नळी, तरी म्हणाला, "ज्ञान्या, दाढी कर की लेका. लोकांना वाटंल, पेशंट तूच हायस." असा होता. दोन दिवसांनी गेला...

तरुणपणी मी शिरूरकडं बोअरच्या गाडीवर होतो. वसंतानं मला राजस्थानात नेलं, जमिनीखालचं तांबं-जस्त शोधायच्या कामावर. आपल्याकडं काळ्या दगडात भोक मारलं की पाण्याची वाट बघायची. तिथं दगडच वर काढायचा, कांबीसारखा, अन् पेटीत ओळीनं मांडायचा. वसंता तो जिभेनं चाटायचा. ओला झाला की खरा रंग दिसतो म्हणे. "कसा लागतोय?" मी विचारायचो. "तुझ्या हातच्या आमटीपरीस बरा," म्हणायचा. संध्याकाळी सांगत बसायचा, की इथं एकेकाळी समुद्र होता. त्याच्या तळातून उकळतं पाणी काळ्या धुरासारखं वर यायचं, त्यातलं तांबं, जस्त, गंधक तळाशी साचत गेलं. मग समुद्र गेला अन् डोंगर उठले. मला निम्मं कळायचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं...

डोंगरावरची माती चाळून तपासायला जायची. जिथल्या मातीत धातूचा अंश जास्त, तिथं वसंता खुंटी ठोकायचा. भोक खुंटीवरच घ्यायचं, असा कामाचा नियम. पहिल्या दोन खुंट्या रिकाम्या गेल्या. तिसरीपाशी मुरूम ढासळत होता, मशीन उभं राहीना, अन् वसंता सुट्टीवर गावी गेलेला. मी मशीन खाली उतरणीला घेतलं अन् तिथं भोक मारलं. दगड निघाला जड, तपकिरी, मधून पिवळी चमक. वसंता परत आला, त्यानं तुकडा चाटला, उन्हात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "नुसतं लोखंड अन् गंधक हाय. भोक फुकट गेलं." पुढं खुंटी सोडली म्हणून कंपनीनं मला घरी धाडलं. गाडीत बसताना वसंता मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय त्याला.

गावात माझं नाव पडलं 'फुकट भोक'. निवृत्त होऊन वसंता परत गावी राहायला आला, तवा लोक त्याच्यादेखत मला चिडवायचे. तोही हसायचा. अन् तो हसला की मीही हसायचो...

शोकसभेत त्याच्या हाताखाली काम केलेले जोशी साहेब बोलायला उठले. "सरांची हिंमत बघा. खुंटी सोडून त्यांनी उतरणीला भोक घेतलं. खनिजाचा थर खाली कललाय, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच भोकात जस्त लागलं आणि पुढे तिथे खाण उभी राहिली." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते भोक तर माझं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ज्ञानबा, तुम्ही बी दोन शब्द बोला." वहिनी समोर बसलेल्या, पदर डोळ्याला लावून. "चांगला होता," एवढंच म्हणालो अन् बसलो.

त्यानं मला परत कामावर घेतलं नसतं तरी चाललं असतं. एकदा नुसतं म्हणायचं, ज्ञान्या, तुझं भोक लागलं रं. एकांतात म्हणायचं, कुणी नसताना. इतक्या वर्षांत रोज चहाला एकत्र बसलो, अन् एवढं त्याच्या तोंडातून निघालं नाही...

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं शिक्रापूर गाठलं. जोशी साहेब तिथं मुलीकडं उतरले होते. दारात उभ्या उभ्याच सांगितलं, ते भोक मी मारलं. मुरूम सांगितला, उतरण सांगितली, तो पिवळा चमकता दगड सांगितला. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "काका, आता काय उपयोग? सर तर गेले."

म्हणलं, "तो गेला. मी हाय की अजून."