पायाळू मंगरूची लाथ

आंधळगावच्या मंगरूचा राग जन्माआधीचाच असावा, कारण आईच्या पोटातून तो पाय आपटतच बाहेर आला. पायाळू! म्हणजे ज्याच्या पाठीत उसण भरली त्याने मंगरूच्या दारात यावे आणि लाथ खाऊन जावे. पोर होता तेव्हापासून लोक त्याला भरल्या ताटावरून उठवत. मंगरू तोंडाने शिव्या घालायचा, पायाने लाथ मारायचा, आणि दोन्हींचा गुण येतो असे गाव म्हणायचे. साधी उसण चार दिवसांत तशीही जातेच, पण नाव लाथेचे व्हायचे.

अठ्ठ्याहत्तर साली कवडू आला, मंगरूचा जिवाभावाचा मित्र. धानाचे पोते उचलताना त्याच्या कंबरेत कट्कन झाले होते आणि कळ मांडीवरून थेट टाचेपर्यंत उतरत होती. मित्र म्हणून मंगरूने जरा जोरातच मारली. कवडू किंचाळला. उठला तेव्हा पाऊल उचलेना, चप्पल पायात ठरेना.

भंडाऱ्याच्या डॉक्टरने मंगरूलाच धारेवर धरले. "दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ओझ्याने ती फाटली, आतला गर बाहेर येऊन पायाच्या नसेवर बसला. आणि त्यावर तू लाथ घातलीस! नीट निजवून ठेवला असता तर बहुतेक असाच बरा झाला असता." नागपूरला ऑपरेशन झाले. कळ गेली, पण कवडू जन्माचा लंगडा झाला. मंगरूला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि मंगरूला तेच सोसेना.

लाथ बंद झाली. "माजला मंगरू," गाव म्हणाले. म्हणेना का!

दोन वर्षांनी ऐन रोवण्यात, धानाची रोपे लावायला चिखलात वाकलेली त्याची बायको धुरपता सरळच होईना. तीच कळ, तशीच टाचेपर्यंत. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि बजावले: तीन आठवडे फळीवर निजायचे, वाकायचे नाही, पाय बधिर पडला किंवा लघवी अडली तर तडक दवाखाना. मंगरूने तिला फळीवर निजवले. शेजारणी दारात जमल्या. "रोवना सुरू अन् बाई निजून! घरातच पायाळू हाय, तं दवाई कायले?" मंगरूने अशा शिव्या हासडल्या की अंगणातल्या कोंबड्याही पळाल्या.

आत आला तर धुरपता रडत होती. कण्हत पालथी झाली.

"मारा ना जी एक लात. उठली तं उठली. निजून राहिली तं लोकं कामचोर म्हनतेत मले."

मंगरूच्या अंगाचा तिळपापड झाला. हाड मोडले असते तर गावाने भाकर आणून दिली असती. आतली गादी फाटली ती कुणाला दिसत नाही, म्हणून बाईने निजायचीही लाज बाळगायची!

"कामचोर म्हनतेत तं म्हनू दे!" तो ओरडला. "लंगडी तं कोनी म्हननार नाही!"

सकाळी तिच्या वाट्याचा रोवणा करायला तो स्वतः बायकांच्या ओळीत वाकला. बाया फिदीफिदी हसल्या. तो दिवसभर शिव्या देत राहिला, आणि धुरपता निजून राहिली.